उत्तराचा रकाना

आमच्या पिंपरी-चिंचवडात रविवार गुरुवारी येतो. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगावे लागते. विजेचा सगळा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक पट्ट्यांना सुट्टीचे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. भोसरी-पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या अनेक कारखान्यांत तोच वार अजून चालू आहे. मुलगी बघायला जाणे, बारसे, गावाकडची फेरी, सगळे गुरुवारी. रविवारी सकाळी बाकीचा महाराष्ट्र पुरवणी हातात घेऊन दुसरा चहा मागत असतो, तेव्हा आमच्याकडे पहिली पाळी केव्हाच कामाला लागलेली असते.

ह्या वारांच्या अदलाबदलीत कोणाची अडचण होत असेल, असा प्रश्न मला बरीच वर्षे पडला नव्हता. तो पडला आमच्या शाखेतल्या मामांमुळे. मामा बँकेत दप्तरी होते. व्हाउचरे शिवून ठेवणे, जुनी लेजरे काढून देणे, रेकॉर्डरूम सांभाळणे ही त्यांची कामे. आडनाव त्यांना होतेच, पण मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळे मामाच म्हणत. मूळचे नेवासे तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली, तेव्हा धाकट्या भावाला घेऊन पिंपरीला आले. भाऊ कारखान्यात चिकटला, हे काही वर्षांनी बँकेत. बँकेला सुट्टी रविवारी, भावाला गुरुवारी. त्यामुळे रविवारच्या उपासनेला मामा भावाच्या वाटचेही बसत. "त्याचं नाव मी घेतो तिथं," असे ते सांगत आणि आम्ही हसत असू. हजेरीपटावर दुसऱ्याची सही ठोकावी, तसला तो प्रकार आम्हांला वाटे.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग देशभरातून माणसे आली. केरळच्या नर्सेस आल्या, तामिळनाडूचे फिटर आले, गोव्या-वसईकडचे लोक आले. ह्या सगळ्यांत ख्रिस्ती होते. पण मराठी ख्रिस्ती म्हणाल तर त्यांतले पुष्कळसे नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. तिथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. शाळा, दवाखाना आणि माणूस म्हणून वागवले जाणे ह्या तीन गोष्टींसाठी गावकुसाबाहेरच्या वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाल्या. पोटासाठी बाप्तिस्मा घेतला, असा टोमणा ह्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या ऐकला आहे. टोमणा मारणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते, एवढेच मी त्यावर म्हणेन.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी आई संध्याकाळी हरिपाठ म्हणायची आणि मी तिच्या शेजारी बसून बेरजा करायचो. प्रार्थनेवर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारले तर सांगतो: मी छत्तीस वर्षे अर्ज वाचले. पीककर्जाचे, घरकर्जाचे, टेम्पोचे, मुलीच्या लग्नासाठी भविष्यनिर्वाह निधीतून उचल मिळावी ह्याचे. अर्ज वाचून वाचून माणसाला एक नजर येते. मागणे किती आहे ह्यापेक्षा मागणारा कुठे उभा राहून मागतो आहे, हे पहिल्या चार ओळींत कळू लागते. आणि माझे मत असे झाले आहे, की आपल्यातल्या बहुतेकांची प्रार्थना अर्जाच्या पुढे जात नाही. आम्ही नवस बोलतो तो करारच असतो. काम झाले तर नारळ. चाकण रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये चंगाईच्या सभा भरतात, तिथेही ध्वनिवर्धकावरून जे मागितले जाते ते ऐकले, तर धर्म वेगळा असला तरी अर्जाचा नमुना तोच. मला त्याची चीड येत नाही. ज्याच्या मुलाला कंपनीने ब्रेक दिला आहे, त्याने देवाकडे मागायचे नाही तर कोणाकडे? पण अर्ज नामंजूर झाला की पुढे काय, हा प्रश्न उरतो. श्रद्धा किती खोल आहे ह्याची मोजपट्टी मला तिथे दिसते.

मामांच्या कापडी पिशवीत डबा, छत्री आणि 'उपासना संगीत' असे. मी ते पुस्तक एकदा सहज चाळले, तर अनेक गीतांखाली ना. वा. टिळकांचे नाव. शाळेत टिळक आम्हांला फुलामुलांचे कवी म्हणून भेटले होते. त्यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, एवढे ठाऊक होते. पण इंग्रजी चालीवर बेतलेल्या भाषांतरित गाण्यांऐवजी मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर अभंग आणि ओवी आणून ठेवणारे टिळक मला त्या पिशवीत भेटले. ख्रिस्ताला ते माउली म्हणतात. आमच्या कारखान्यांच्या एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला देहू. तुकारामाने बांधलेल्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे टिळक बोलत. हा पूल आमच्या घरापासून काही मैलांवर आहे आणि मी त्यावरून कधी पलीकडे डोकावलो नव्हतो.

टिळकांच्या घरातली गोष्ट लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त सांगितली आहे, ती वाचकांना नव्याने काय सांगू? नवरा ख्रिस्ती झाला, बायको सोवळ्यात. काही वर्षे दोघे दोन गावी. तो देवाकडे मागत असणार की ही माझ्याकडे यावी, आणि ही मागत असणार की ते परत फिरावेत. दोन्ही अर्ज एकाच पत्त्यावर. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या हट्टापुढे मान तुकवून घेतला असे ते पुस्तक वाचून वाटत नाही. माणसामाणसांतली जात देवाने केली असेल काय, ह्या प्रश्नाशी त्या स्वतःच झगडल्या होत्या. आणि टिळक? १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले. पगार सोडणे म्हणजे काय, हे बँकेतला माणूस चांगले जाणतो, म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम लिहिली.

पण नामंजूर अर्जाविषयी कोणाला विचारायचे तर पंडिता रमाबाईंना विचारावे. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते. तिथे त्यांचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचे आईवडील तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडले. असेल नसेल ते दानधर्मात गेले. जप, उपास, अनुष्ठाने काही बाकी ठेवले नाही. आणि १८७४ च्या सुमारास, दुष्काळात, वडील, आई आणि मोठी बहीण थोड्या थोड्या महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेली. ह्या मुलीने देवाचे ऐकून न घेणे अगदी जवळून पाहिले होते. पुढे १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि इथे रमाबाई एक विलक्षण कबुली देतात. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शारदा सदन काढून झाले होते, सगळ्या देशात नाव झाले होते, सनातनी आणि सुधारक दोघांशी भांडून झाले होते. तरीही आपल्या आतला हिशेब जुळत नाही हे ह्या बाईने जाहीर सांगितले. एवढा स्वच्छ ताळेबंद मी क्वचित पाहिला आहे.

केडगावला १९०५ च्या जानेवारीत त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले. सुरुवातीला सत्तरएक जणी आल्या, जूनपर्यंत ५०० हून अधिक. त्या एकदम मोठ्याने, रडत, प्रत्येकजण आपापल्या शब्दांत प्रार्थना करीत. कित्येक शिस्तप्रिय मिशनऱ्यांना ते रुचले नाही. त्या मुलींतल्या बऱ्याच जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या, काहीजणी बालविधवा. आयुष्यात त्यांना कोणी मोठ्याने बोलू दिले नव्हते. असो. रमाबाईंची स्वतःची प्रार्थना मात्र मला त्या आवाजापेक्षा दुसऱ्या एका कामात दिसते. पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या मराठीत आणायला घेतले. केडगावच्याच छापखान्यात, त्याच मुलींनी खिळे जुळवले. १९२१ च्या जुलैत मनोरमा, एकुलती एक मुलगी, आईच्या आधी गेली. तिच्यासाठी आईने काय काय मागितले असेल! त्यानंतरही भाषांतर चालू राहिले. काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

ह्या दोन्ही मोठ्या माणसांच्या गोष्टी मी पुस्तकांत वाचल्या. मामांची गोष्ट माझ्याच हातून घडली.

१९९१ साली मी शाखेत अकाउंटंट होतो. महिन्याची ७ तारीख, पगाराचा दिवस. कंत्राटदारांचे मुनीम जीप घेऊन मजुरीची रोकड न्यायला आलेले, काउंटरवर पाय ठेवायला जागा नाही. संध्याकाळी कॅश जुळेना. शंभराच्या नोटांचे एक पॅकेट कमी. दहा हजार रुपये, तेव्हाच्या दप्तऱ्याचा कित्येक महिन्यांचा पगार. रात्री अकरापर्यंत आम्ही मोजत होतो. दुसऱ्या दिवशी वरच्या कार्यालयाला अहवाल गेला, तो मी लिहिला. इंग्रजीत. त्यात एक वाक्य असे होते, की दुपारी रोखपाल जेवायला उठले त्या वेळी दप्तरी स्ट्राँगरूमलगतच्या रेकॉर्डरूममध्ये एकटाच होता.

वाक्य खरे होते. मामा तिथे का होते हेही मला ठाऊक होते. काळेवाडीतल्या त्यांच्या एका खोलीत सात माणसे राहत. प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून घे, असे येशूने सांगितले आहे, आणि मामांना मिळणारी अशी एकुलती एक खोली म्हणजे बँकेची रेकॉर्डरूम. भावाच्या दुसऱ्या पाळीच्या सुमाराला, लेजरांच्या घोड्यांमध्ये ते दहा मिनिटे उभे राहत. सगळ्या शाखेला हे माहीत होते. मी ते लिहिले नाही. कार्यालयीन अहवालात 'प्रार्थना करीत होता' हे शब्द मला हास्यास्पद वाटले. पुढे कादंबऱ्या लिहायला लागल्यावर मी शब्दांबद्दल बरेच काही शिकलो. गाळलेल्या शब्दाने काय होते, हे मात्र मी आधीच शिकलो होतो.

रोखपालांनी नियमाप्रमाणे हप्त्याहप्त्याने पैसे भरून दिले. मामांची चौकशी अकरा महिने चालली. सिद्ध काहीच झाले नाही, कारण काही नव्हतेच. पण दरम्यान त्यांची कारकुनाची बढती, जिच्यासाठी त्यांनी परीक्षा दिली होती, हुकली ती हुकलीच. बदली दूरच्या तालुक्याला झाली, जाऊन येऊन दोन एस.टी. बदलाव्या लागत. ते पॅकेट आजतागायत सापडलेले नाही. बहुधा कोणा मुनिमाच्या पिशवीत जास्तीचे गेले असेल.

निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, एका गुरुवारी मी त्यांना भेटायला चिखलीला गेलो. इतक्या वर्षांत का गेलो नाही, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. भावाच्या मुलाने बांधलेल्या घरात खालच्या मजल्यावर मामा आणि मामी राहत होते. काचबिंदूने मामांचे दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखले. "बसा साहेब. अहो, साहेब आलेत, चहा ठेवा." चहा होईपर्यंत मी इकडचे तिकडचे बोललो आणि मग एकदम म्हणालो, "मामा, ते अहवालातलं वाक्य..."

"वाक्य खरं होतं की," ते म्हणाले. "मी होतोच तिथं."

मामींनी कपाटातून डायऱ्यांचा गठ्ठा काढला. बँक दर जानेवारीला कर्मचाऱ्यांना देते त्या डायऱ्या. आम्ही त्या नातेवाइकांना वाटून टाकत असू. मामांनी प्रत्येकीत पट्टीने चार रकाने आखले होते: तारीख, नाव, मागणे, उत्तर. दप्तऱ्याचे नेटके अक्षर. शेजारणीचा मुलगा, दारू. भाचा, कंपनीत परमनंट. अमक्याचे टेम्पोचे हप्ते. उत्तराच्या रकान्यात कुठे 'मिळाले' आणि तारीख, कुठे 'नाही', पुष्कळ ठिकाणी 'थांब'. 'नाही' लिहिलेली नावेही पुढच्या डायरीत पुन्हा उतरवलेली होती. "नाही म्हणाला म्हणून नाव खोडायचं व्हय?" मामा म्हणाले.

१९९१ ची डायरी मी मागून घेतली. जुलै महिन्यात माझे नाव होते, पुढे 'साहेब' लावून. मागणे: 'खरे काय ते साहेबांना कळावे.' उत्तर: कोरे. ऑगस्टात: 'पैसे सापडावे.' 'नाही.' ऑक्टोबरात माझ्या नावासमोर मागण्याच्या रकान्यात काहीच लिहिलेले नव्हते. डिसेंबरात: 'माझा राग जावा.' पुढच्या वर्षीच्या डायरीत हे मागणे सोळा वेळा आले आहे. मी मोजले. मोजायची सवय जात नाही.

"खोटं कशाला सांगू," मामा म्हणाले. "सुरवातीला तुमचं नाव घेताना दात खायचो. देवाला म्हणायचो, घेतो नाव, पण तू ऐकू नको. मग दोन महिने तोंडातनं शब्दच निघंना. नुसता उभा राहायचो. हिला वाटलं, ह्यांचा विश्वास गेला."

"वाटलंच होतं मला," मामी आतून म्हणाल्या.

"मग पाळकांना विचारलं. ते म्हणले, गेथशेमानेच्या बागेत येशूनं बापाकडं मागितलं, हा प्याला टळू दे म्हणून. टळला का? नाही टळला. तरी त्यानं बाप म्हणायचं सोडलं का? मग आपण कोण लागून गेलो. म्हणलं, चला, पुन्हा सुरू करू."

शुभवर्तमानातला तो प्रसंग मी अनेकदा वाचला होता. पण ती नामंजूर झालेली प्रार्थना आहे, असे कधी मनातच आले नव्हते.

१९९४ च्या डायरीत माझ्या नावापुढचे मागणे बदलले होते: 'साहेबांच्या आईचे डोळे.' त्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन बिघडले होते. तालुक्याच्या शाखेत ही बातमी त्यांना कोणी सांगितली, कोण जाणे. मी तर त्यांना पोस्टकार्डही टाकले नव्हते. उत्तर: 'एक डोळा मिळाला.' ते बरोबर होते. त्यानंतर दर वर्षी माझे नाव आहे. मुलाची दहावी आहे, पहिल्या कादंबरीचे नावही आहे, एक अक्षर चुकवून.

चहा झाल्यावर मामा म्हणाले, "साहेब, आता दिसत नाही. रविवारी नात लिहून देते, पण तिला आता चाकणला लागलंय, रविवारीच ड्युटी. हिचं अक्षर तुम्ही पाहिलंच असंल सहीचं. तेवढी आजची नावं लिहिता का?"

मी पेन काढले. त्यांनी नावे सांगितली, मी लिहीत गेलो. नात, पहिल्यांदाच पाळीत, बस वेळेवर मिळावी. समोरच्या घरातला बिहारी मुलगा, बोट मशीनमध्ये गेलेले. घरमालकाची सून. नऊ नावे झाली. मग ते थांबले आणि म्हणाले, "तुमच्याकडचं कोणी असंल तर सांगा, घालू."

मला एकच नाव आठवले. त्या वेळचे आमचे रोखपाल. दोन वर्षे पगारातून हप्ते भरताना त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि पुढे मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते गावी निघून गेले होते. मी नाव सांगितले.

"ते आहे की," मामा म्हणाले. "एक्क्याण्णवच्या डायरीत बघा. तुमच्या वरच्या ओळीत."

मी डायरी पुन्हा उघडली. तारीख तीच होती.